मानेचा टेकू

आमच्या कारखान्यात एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. जनावराच्या मानेला टेकू द्यायचा नाही. पाय तुटलेला असो, कंबर गेलेली असो, चारही पाय लुळे पडलेले असोत, आम्ही काहीतरी करून देतो. पण मान ज्याची त्याने धरायची. ती धरता येत नसेल तर आमच्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा आणि त्या मुक्या जिवाला सोडवा. गिऱ्हाइकांना मी हे याच शब्दांत सांगते. त्यामुळे लोक मला माणूसघाणी म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

कारखाना म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. एक लांबट शेड, पुढे माझं टेबल, मागे दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी मापं घेते आणि साचे काढते. उरलेल्या पायावर मोजा चढवायचा, त्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, ते वाळेपर्यंत जनावराला गोंजारत, दटावत, खाऊ दाखवत उभं ठेवायचं आणि मग साचा कापून अलगद सोडवायचा. त्यावरून दादा प्लास्टिक तापवून पाय घडवतो. ज्यांचे पाय असून नसल्यासारखे, त्यांच्यासाठी तो नळ्यांचे गाडे करतो, बाबागाडीची चाकं लावून. बावीस वर्षं आम्ही हेच करतोय. कुत्री, मांजरं, शेळ्या, एक घोडं, आणि एकदा एक बदक. त्या बदकाने माप घेताना दादाचा अंगठा फोडला, आणि नवा पाय बसवल्यावर ऐटीत चालत येऊन पुन्हा तोच अंगठा फोडला. दादा म्हणाला, पाय उत्तम झालाय.

सुरुवातीला आम्ही टेकू देत होतो. एका म्हाताऱ्या कुत्रीला दिला होता. मालकाने तिला चार महिने त्यात उभी ठेवली. मग एक दिवस डॉक्टरीणबाई आल्या. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्याच पाठवतात. त्यांनी तो टेकू माझ्या टेबलावर ठेवला. चामडं आतून ओलं होतं आणि त्याला केस चिकटलेले होते.

"जनावर दमलं की मान टाकतं," त्या म्हणाल्या. "पुरे झालं हे सांगायला त्याच्याकडे तेवढंच असतं. तुम्ही तेही बंद केलंत."

मी त्यांना बसा म्हणायलाही विसरले. नियम त्या दिवसापासूनचा. नंतर कितीजण हातापाया पडले, कितीजणांनी शिव्या घातल्या. एक शिंपी तर स्वतःच टेकू शिवून घेऊन आला होता. कोटाच्या खांद्यात घालतात तो मऊ स्पंज, वर मखमल. फक्त गाड्याला जोडून द्या म्हणाला. त्याची मांजर पिशवीत पडून होती, मान पिशवीच्या काठावर. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "बाई, शिवण तरी बघा, किती बारीक घातलीये." मी बघितली नाही. बघितली असती तर कदाचित हो म्हणाले असते, म्हणूनच बघितली नाही. त्याचा मला अभिमान होता. आता नाही.

आईला हा नियम पाठ होता. तिने तो सगळ्या गल्लीला पाठ करून घेतला होता. "माझी लेक तोंडावर सांगते," ती शेजारणींना म्हणायची. "वेळ आली असेल तर आली म्हणते. उगाच आशा लावत नाही कोणाला." मी समोर असले की हे जरा मोठ्याने म्हणायची. मी नाक मुरडायचे आणि मनातून सुखावायचे.

आईचा कुत्रा जाड्या. बाबा गेले त्या वर्षी दादाने तो पिल्लू असताना आणून दिला. तेव्हा तो इतका गोल होता की बसलाय की उभा आहे ते पटकन कळायचं नाही. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे आईचं सगळं बोलणं त्याच्याशी. डाळ महागली इथपासून ते दादाची बायको फोनवर कशी तुटक बोलते इथपर्यंत. तो बाराव्या वर्षी मागच्या पायांनी लंगडायला लागला. मणक्याचं दुखणं होतं, मागून सुरू होऊन हळूहळू पुढे सरकणारं, ज्याला औषध नाही. आम्ही दोन चाकांचा गाडा करून दिला. आई त्याला घेऊन रोज कोपऱ्यापर्यंत जायची. तिचे गुडघे कुरकुरत असूनही जायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गाड्याची तारीफ करायची. दीड वर्ष असं छान गेलं. मग त्याचे पुढचे पाय गेले. आम्ही चार चाकांचा गाडा केला, पोटाखाली पट्टा, छातीखाली पट्टा. आता तो चालत नव्हता, आई त्याला ढकलायची. तरी मान ताठ होती. खिडकीतून मांजर दिसलं की कान उभे राहायचे.

एका सोमवारी दादा आईकडून थेट शेडमध्ये आला आणि नळीला कानस लावून बसला.

"जाड्याची मान पडतेय," तो म्हणाला.

"किती?"

"हाक मारली की उचलतो. मग पुन्हा हळूहळू खाली."

"म्हणजे झालं."

 त्या नळीत घासण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी दादा घासत होता.

"आईला सांगायला पाहिजे," मी म्हणाले.

"सांग की."

"मी का? थोरला तू."

"तू रोज सांगतेस लोकांना. तुला सवय आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "लाडका कोण आहे तिचा? लाड करून घ्यायला तू आणि वाईट सांगायला मी होय?"

"लाडक्याने कसं सांगायचं असलं?" दादा म्हणाला. तो खरंच विचारत होता. माझा दादा चांगला माणूस आहे, पण जिथे चांगुलपणाचा उपयोग नसतो तिथे तो हात वर करतो. मी त्याला भित्रा म्हणाले. तो म्हणाला, हो. त्यावर भांडण पुढे कसं न्यायचं ते मला कळेना.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही कळवा, मी घरीच येते. दहा मिनिटांचं काम आहे. त्याला कळणारही नाही. पण आधी आईंशी बोलून ठेवा." आईंशी बोलून ठेवा. सगळे कसे सहज बोलतात.

प्रश्न तेवढाच होता. जाड्याला वेळेवर सोडवायचं, आणि त्यासाठी आईला चार शब्द सांगायचे. ते शब्द माझ्या तोंडात इतके रुळलेले होते की मला ते जुळवावे लागणार नव्हते.

मंगळवारी सकाळी मी आईकडे गेले. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि जाड्या गाड्यात तिच्या पुढ्यात. तिने डाव्या तळव्यावर त्याची हनुवटी तोलली होती आणि उजव्या हाताने चमच्याने दूध पाजत होती. निम्मं दूध तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. मला बघून त्याने शेपटी हलवली नाही, कारण ती हलणं केव्हाच थांबलं होतं. डोळे मात्र फिरवले.

"आलीस?" आई म्हणाली. "बघ बाई याच्याकडे. माझा हात भरून येतो असं धरून. काहीतरी करा आता तुम्ही याचं."

मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. तिने माझ्याकडे सरळ बघितलं. चमचा वाटीत ठेवला, ओला हात पदराला पुसला आणि बघत राहिली. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, ती थांबली होती. तेव्हा मला एवढंच दिसलं की ती म्हातारी झालीय, आणि हा कुत्रा गेला की या घरात संध्याकाळी कोणाचा आवाज होणार नाही. मग मला रोज यावं लागेल, आणि मी रोज येणार नाही. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी पिशवीतून टेप काढली.

"माप घेते," मी म्हणाले.

आईने ओठ थोडे उघडले आणि मिटले. "बरं," ती म्हणाली. "तू म्हणतेस तर बरं."

मी माप घेतलं. जबड्याची रुंदी, हनुवटीपासून छातीपर्यंतची उंची, कानामागचा घेर. एक मापही चुकीचं घेतलं नाही. माप घेताना तो पूर्ण वजन माझ्या हातावर टाकून डोळे मिटत होता. असं करणारं दुसऱ्या कोणाचं कुत्रं असतं तर मी तिथेच टेप गुंडाळून ठेवली असती.

शेडमध्ये येऊन कागद दादापुढे ठेवला. त्याने वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं नाहीस."

"तू करणार आहेस की मी करू?"

त्याने केला. दोघांनी मिळून केला आणि खोटं कशाला बोलू, जीव ओतून केला. हनुवटीसाठी खोलगट वाटी, आत दाबलेल्या लोकरीचा नमदा, वर मऊ चामडं. खाली सरकणारी दांडी, हाताने फिरवायचा चाप, म्हणजे आईला उंची कमीजास्त करता यावी. दोन्ही बाजूंना गालांना धरणारे पंख, मान कलंडू नये म्हणून. जिथे चामडं घासेल तिथली शिवण मी उसवून पुन्हा बाहेरून घातली. दादा म्हणाला, बावीस वर्षांत आपण इतकं सुबक काही केलेलं नाही. ते खरंच होतं. मी त्याचा फोटो काढला. लाज वाटते, पण काढला.

गुरुवारी नेऊन बसवला. जाड्या मान वर करून उभा राहिला. समोरून बघणाऱ्याला वाटावं, आता भुंकेल. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"म्हणजे अजून आहे म्हण याच्यात," ती म्हणाली.

"सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास उभा ठेव," मी म्हणाले. "पडून राहिला की छाती भरते. उभं राहिलं की श्वास मोकळा होतो." हे आम्ही गाडा देताना सगळ्यांना सांगतो. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं, आणि ती ते दिलं असं धरून चालली. दादा दारात चपला घालत होता. 

शनिवारी आईचा फोन आला. "तो कण्हतो गं त्यात घातला की."

"नवीन आहे ना. सवय होईल."

"काढू का थोडा वेळ?"

"दोन तास होऊ देत. मध्येच काढलंस तर सवय कशी लागणार?"

"बरं," आई म्हणाली. ती माझ्याशी वाद घालत नाही. इतर कोणाशीही घालते. शेजारीण बाजूच्या खोलीत राहते, ती रोज सकाळी जाड्याला उचलून गाड्यात ठेवायला मदत करायची. तिने म्हणे आईला विचारलं होतं की आजी, याला त्रास होतोय का. आईने तिला उडवून लावलं. हे मला नंतर कळलं.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा फोन. आईचा आवाज हलका होता.

"आज कण्हत नाहीये बघ. शांत उभा आहे अगदी. दोन तास होऊन गेले, पण म्हटलं असू दे, बरं वाटतंय तर."

"बघ," मी म्हणाले, "म्हटलं होतं ना सवय होईल." फोन ठेवून मी दादाकडे बघून हसले. दादा पण हसला. आठवडाभरात आम्ही पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसलो. मग मी एका शेळीचा साचा काढला, दादाने ओव्हन लावला, आणि दुपारी जेवणानंतर मला वाटलं, चामड्याखाली अजून एक मऊ थर दिला तर त्याला आणखी बरं पडेल. तो कापून घेऊन मी तीन वाजता आईकडे गेले.

दार लोटलेलं होतं. आई नेहमीच्या खुर्चीत होती, पण खुर्ची फिरवलेली, भिंतीकडे तोंड. तिच्या मागे जाड्या गाड्यात उभा होता. त्याच्या पाठीवर तिची शाल होती. मान ताठ, हनुवटी वाटीत, गाल पंखांमध्ये. डोळे अर्धवट उघडे.

मी त्याच्या कानाला हात लावला आणि काढून घेतला.

"थंड लागत होता म्हणून पांघरलं," आई भिंतीकडे बघत म्हणाली.

"कधी?"

"मला काय ठाऊक? तुला फोन केला तेव्हा असेल गेलेला. नाहीतर त्याच्या आधी. मी त्याला काय काय सांगत बसले होते. दुपारी दूध पाजायला गेले तर तोंडातून सगळं बाहेर आलं." तिने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "मेलं तरी पडता येईना बिचाऱ्याला."

"मला का नाही बोलावलंस?"

"तू येणारच होतीस. तुला बघायचं असेल ना, कसं चाललंय."

ती हे टोचून म्हणाली की सरळ, ते मला आजही सांगता येत नाही. मी पट्टे सोडायला लागले.  आई उठली नाही.

"मी म्हटलं होतं तुला, काहीतरी करा याचं," ती म्हणाली. "तू आलीस त्या दिवशी. मला वाटलं, आता सांगेल. म्हणून चमचा खाली ठेवला मी. तू सगळ्यांना सांगतेस. त्या मांजरवाल्याला सांगितलंस, त्या घोडेवाल्याला सांगितलंस. मी आपल्या तोंडाने कसं म्हणू की न्या याला? चौदा वर्षं माझ्याजवळ आहे तो."

"आई—"

"तू टेप काढलीस. मला वाटलं, म्हणजे वेळ आलेली नाही. माझी लेक वेळ आल्यावर टेकू देत नाही. माझंच काहीतरी चुकतंय, मलाच धीर नाही. तो रडायचा गं. मी त्याला म्हणायचे, गप, ताईने सांगितलंय, दोन तास. तिला कळतं. घड्याळ लावून बसायचे मी."

  मी दादाचं नाव घेऊ शकले असते, की दोघांनी ठरवलं. तसं माझ्या तोंडावर आलंही होतं. इतकी मी पोचलेली आहे.

शेवटचा पट्टा सुटला. मी त्याच्या पोटाखाली हात घातला आणि त्याला उचलून बाहेर काढलं. तो उभाच बाहेर आला. चारही पाय खाली सरळ, मान वर, जबडा पुढे. टेकू काढला तरी मान तशीच राहिली. मी त्याला जमिनीवर कुशीवर ठेवलं तर पाय हवेत आडवे राहिले, आणि डोकं फरशीला टेकेना.

"इकडे दे," आई म्हणाली. तिने खुर्ची फिरवून मांडी सारखी केली.

मी त्याला तिच्या मांडीवर ठेवलं. तो मांडीत बसेना. तिने त्याचं डोकं आपल्या कोपराच्या खळगीत घ्यायचा प्रयत्न केला, ते वळलं नाही. पुढचा पाय दुमडायला बघितला, तो दुमडला नाही. पाय खुर्चीच्या हाताला अडकले म्हणून तिने त्याला दुसऱ्या बाजूला फिरवून बघितलं. त्याचं वजन आता काहीच नव्हतं, तरी तिला तो धरता येत नव्हता. चार-पाच वेळा तिने त्याला असं इकडून तिकडे केलं. मग थांबली, आणि तो तसाच आडवा, ताठ, तिच्या गुडघ्यांवर राहिला.

"हा असाच राहणार का गं आता?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "उद्या रात्रीपर्यंत सैल पडेल. मग मान पण खाली येईल आपोआप."

आईने माझ्याकडे बघितलं.

"हे बरं लगेच सांगता आलं तुला," ती म्हणाली.